पाच महिन्यांत मैदानात? गुडघ्यातलं कलम तेवढ्यात जीव धरत नाही

सांगली-मिरजेकडच्या कबड्डी आणि खो-खोच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘सांगलीच्या स्मृती मानधनाचं लिगामेंट फाटलं आणि पाच महिन्यांत तिनं वर्ल्ड कपमध्ये शतक ठोकलं. मग आपल्या पोरांना ऑपरेशननंतर नऊ-नऊ महिने का बसवतात? दुखायचं थांबलं, सूज उतरली की गुडघा बरा. जुने पैलवान तेल-मालिश आणि बैठकांवर उभे राहिले. नी-कॅप घाला आणि उतरा. बाकी सगळा फिजिओचा धंदा.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे शेवटचं वाक्य माझ्यावरच आहे. त्याचं उत्तर देईनच. पण मला काळजी आहे ती हा मजकूर वाचून उद्या सरावाला जाणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची.

स्मृतीचं उदाहरण खरं आहे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात लीग खेळताना तिचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, फाटलं आणि जूनमध्ये तिनं इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. सांगलीकरांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण ती भारतीय संघातली सलामीची फलंदाज. तिच्यावर रोज लक्ष ठेवणारी माणसं होती आणि धावायचं ते बहुतेक सरळ रेषेत. कबड्डीत चढाई करणारा एका पायावर गर्रकन वळतो, तेवढ्यात कुणी घोटा धरतं, कुणी कमरेला मिठी मारतं. खो-खोत पूर्ण वेगात असताना खांबाला वळसा घालायचा असतो. एसीएल हा मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत जोडणारा बंध. नडगी पुढं सरकू न देणं आणि गुडघा पिळवटू न देणं हे त्याचं काम, आणि आपल्या मातीतल्या खेळांत नेमका त्यावरच ताण येतो. शिवाय पाच महिन्यांत परतून जे टिकले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. ज्यांचा गुडघा पुन्हा गेला त्यांचे मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही.

नऊ महिने हा आकडाही कुणी मनानं ठरवलेला नाही. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १०६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाकडे परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्यानं कमी होत गेलं. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पास होऊन परतलेल्यांपैकी ५.६ टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला. पास न होता परतलेल्यांत हेच प्रमाण ३८.२ टक्के होतं. म्हणून नऊ महिने नुसतं घरी बसून काढले तर त्यांचाही उपयोग नाही.

या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘दुखायचं थांबलं की बरा’. ऑपरेशनमध्ये फाटलेलं लिगामेंट सहसा शिवत नाहीत. मांडीच्या मागची किंवा वाटीखालची स्नायुरज्जू (टेंडन) काढून तिथं बसवतात. हेच गुडघ्यातलं कलम. ती रज्जू मूळ जागेवरून काढताना तिचा रक्तपुरवठा तुटतो. मग शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, जुने धागे मोडून नवे विणतं. या उलथापालथीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कमजोर असते. आणि नेमकं तेव्हाच पेशंट मला म्हणतो, ‘आता काहीच दुखत नाही, मॅडम.’ त्याच दिवसांत कुणी गाडीला किक मारतं, कुणी धार काढायला उकिडवं बसतं. तासगावच्या बागायतदाराला हे समजावावं लागत नाही: द्राक्षाचं कलम फुटलं म्हणून तो लगेच घड धरत नाही, आधी खोड आणि ओलांडे तयार होऊ देतो. गुडघ्यातलं कलम पक्कं व्हायला तर वर्ष-दोन वर्षं जातात.

आता मालिश आणि बैठका. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून आम्ही सांगतो, ‘गुडघा खाली दाब, मांडी आवळ.’ पोरगी जीव तोडून प्रयत्न करते. पाऊल ताणलं जातं, ओठ आवळले जातात, श्वास रोखला जातो, पण वाटीच्या वरचा स्नायू हाताला मऊच लागतो. तिची इच्छा कमी पडत नसते. सांध्यात सूज असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूला दाबून ठेवते. काही आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. हा स्नायू पुन्हा जागा करणं आणि गुडघा पूर्ण सरळ करणं ही पहिली लढाई, आणि ती तेलानं जिंकता येत नाही. ताज्या ऑपरेशनवर रगडून मालिश तर नकोच. पोटरी दुखून सुजली असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्यावर ती सुटण्याचा धोका असतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ताप आला किंवा जखमेतून पू आला तरीही तेच.

बैठकांना माझा विरोध नाही, वेळेला आहे. बैठक दोन पायांवर मारली जाते आणि चांगला पाय नकळत जास्तीचा भार उचलतो. बैठकांचा आकडा वाढत जातो आणि ऑपरेशनचा पाय मागंच राहतो. म्हणून ताकद एकेका पायाची वेगळी मोजावी लागते. ती दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटून शिवली असेल तर खोल बैठक कधी सुरू करायची ते सर्जनला विचारूनच.

राहिले जुने पैलवान. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ चे हेलसिंकीचे कांस्यपदक विजेते. पुढच्या ऑलिम्पिकआधी त्यांचा गुडघा दुखावला आणि ती संधी गेली. त्यांच्याइतका तयारीचा मल्ल तेल-मालिशीच्या जगातच वाढला होता.

नी-कॅपनं ऊब मिळते, धीर येतो. नडगीला पुढं सरकण्यापासून ते कापड अडवू शकत नाही.

आणि धंदा. जत-आटपाडीहून एसटीनं येणाऱ्या घराला प्रत्येक खेप जड जाते, हे मी रोज बघते. हातात व्यायामाचा कागद देऊन पेशंटला घरी पाठवून दिल्याचंही पाहिलंय. ती तक्रार रास्त आहे. पण व्यायाम हीच मुख्य दवा आहे. स्वीडनमधल्या एसीएल फाटलेल्या १२१ जणांच्या अभ्यासात ज्यांनी आधी व्यायामानं सुरुवात केली, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांनंतरही ऑपरेशन लागलं नव्हतं. सुरुवातीचे आठवडे सोडले तर बहुतेक काम घरी आणि गावच्या व्यायामशाळेत होतं. आमच्याकडे दोन-तीन आठवड्यांनी तपासणीला आलात तरी चालतं. परवडत नसेल तर तसं पहिल्याच भेटीत सांगा, त्या बेतानं आखणी करता येते.

प्रशिक्षकांना एक विनंती. ऑपरेशन झालेल्या खेळाडूचं नाव संघाच्या यादीत घालण्याआधी दोन्ही पायांच्या ताकदीचा आणि एका पायावरच्या उडीचा लेखी अहवाल मागा. पंचविशीच्या आत खेळाकडे परतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांचं एसीएल पुन्हा फाटतं, कधी त्याच गुडघ्यातलं, कधी दुसऱ्या. तुमच्या संघात बहुतेक सगळे याच वयाचे आहेत.