साहेब येणार, खड्डे बुजवा

परदेशी महावाणिज्यदूत सद्भावना दौऱ्यावर तुमच्या गावात येणार, असा तहसील कचेरीतून फोन आला असेल तर अभिनंदन. ग्रामसभेच्या ठरावांची चळत लागूनही न झालेला रस्ता आता होईल. मात्र साहेबांची गाडी कुठे थांबणार, हे बांधकाम खात्याला नक्की कळू देऊ नका. डांबर बरोब्बर तिथे संपतं. ‘साहेबांना खालच्या वाडीतून सूर्यास्त बघायचाय’ असं ठोकून द्या. खालची वाडी समुद्राला लागून असते, सूर्यही तिथेच बुडतो, आणि या दोन्ही गोष्टींची खातरजमा करायला कोणी येत नाही.

पुढचा प्रश्न नात्याचा. प्रत्येक दौऱ्याला ‘प्राचीन ऋणानुबंध’ लागतात. या बाबतीत आपली किनारपट्टी नशीबवान. रेवदंड्याला रशियन व्यापारी निकितिनचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो घोडा विकायला चौलला उतरला आणि ‘जाईन तिथे माणसं मागे लागतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं’ अशा अर्थाची नोंद करून गेला. (साहेब आल्यावर आपण नेमकं हेच करायचं आहे. परंपरा म्हणून सांगता येतं.) कोर्लईला पोर्तुगीज वळणाची बोली आहे. नवगावला बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, पूर्वजांचं स्मारक आहे, वेंगुर्ल्याला डच वखारीची पडझड आहे. रत्नागिरीला तर थेट ब्रह्मदेशाचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी थिबाला पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये राजवाडा बांधून दिला. 1916 मध्ये तो तिथेच वारला. थोरल्या राजकन्येचं उरलेलं आयुष्य रत्नागिरीतच गरिबीत गेलं. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष समाधीवर फुलं वाहायला आले ते 2012 मध्ये. सद्भावनेला घाई नसते, आणि ती जिवंत माणसापेक्षा थडग्यापाशी जास्त खुलते.

ज्या गावात एकही परदेशी माणूस मेलेला नाही, त्या गावाने काय करावं? एखादा जुना चिरा दाखवावा. त्यावर काय कोरलंय ते झिजलेलं असलं की कुठल्याही देशाचं चालतं.

कार्यक्रम आखताना मुलं, बायका आणि दशावतार एवढेच ठेवा. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनला व्यासपीठावर घेऊ नका. तो परप्रांतीय ट्रॉलरवर बोलायला लागतो. जैतापूरच्या बाजूचे असाल आणि पाहुणे फ्रान्सचे असतील, तर जिथे फ्रेंच अणुप्रकल्प व्हायचाय त्या माडबनच्या मंडळींना त्या दिवशी लांबच्या लग्नाचं आमंत्रण द्या. सहा अणुभट्ट्या, 9,900 मेगावॅट, 2010 चा करार, हे विषय सोलकढीबरोबर नीट बसत नाहीत. फ्रेंच साहेबांना घावणे द्या. ते म्हणतील, आमच्याकडेही असंच करतात. सांस्कृतिक देवाणघेवाण तिथे पुरी झाली.

एवढं करूनही एखादी म्हातारी उठतेच. ‘सायबानू, तां सगळा ऱ्हवांदे, जेटी कधी होतली तां सांगा.’ घाबरू नका. तहसीलदार टाळ्या वाजवतील, तुम्हीही वाजवा. साहेब हसून हात जोडतील. त्यांचाही नाइलाज आहे: 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्यदूताने यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नसते, आणि तुमची जेट्टी ही फारच अंतर्गत बाब आहे. ती इतकी आत आहे की आपल्याच सरकारला सापडत नाही.

आंबा. दौरा एप्रिल-मेमध्ये असेल तर पेटी द्यावीच लागते. देताना इतिहास काढू नका. अमेरिकेने आपल्या आंब्याला 1989 पासून 2007 पर्यंत दार बंद ठेवलं आणि उघडलं तेही आधी विकिरण (कीड मारायला किरणांचा मारा) करून आणा या अटीवर. जपानला 2006 मध्ये हवा झाला तो वाफेच्या प्रक्रियेतून काढलेला. युरोपने 2014 मध्ये फळमाशीचं कारण देऊन बंदी घातली, पुढच्या वर्षी उठवली. गंमत अशी की हाच हापूस साहेब तुमच्या पडवीत बसून हाताला रस लावून खातात, तेव्हा त्यांना कुठलीच माशी दिसत नाही. दोन फोडी जास्त वाढा. सोबत पेट्या किती द्यायच्या याचा साधा हिशेब आहे: एक साहेबांना, एक त्यांच्या सेक्रेटरीला, आणि बाकीच्या प्रांतसाहेबांच्या गाडीत आपोआप जातात. बागायतदाराला शाल.

फ्लेक्सवर खर्च जपून करा. ‘हार्दिक स्वागत’ आणि दोन देशांची मैत्री चिरायू होवो, एवढा मजकूर कायम छापून घ्यावा. दुसऱ्या देशाचं नाव आणि झेंडा मात्र वेगळ्या पट्टीवर. ज्या गावाने एक साहेब नीट जेवू घातला, तिथे दुसरा येतोच. कचेरीला तुमचं गाव आता माहीत झालेलं असतं: स्वच्छ, समाधानी, प्रश्न नसलेलं.

महिनाभरात दूतावासाकडून आभाराचं पत्र आणि फोटो येतील. एका फोटोत साहेब तुमच्या होडीत उभे असतील, आणि खाली लिहिलेलं असेल, ‘गोव्यातील मच्छीमारांसमवेत’. दुरुस्तीसाठी पत्र पाठवू नका. गावात होमस्टे काढलेल्यांना विचारा, तेही नकोच म्हणतील. त्यांचं निम्मं बुकिंग त्याच गैरसमजावर चालतं.