पडलास तर पड, पण प्रश्न विचारू नकोस

आमच्या सर्व्हरला एक खोड आहे, तो पडला की प्रश्न विचारतो. आणि विचारतो कोणाला, तर कुलूप लावलेल्या खोलीतल्या अंधाराला. मग मी वॉचमन काकांना फोन लावायचा.

"काका, स्क्रीनवर काय दिसतंय?"
"काळं आहे सगळं."
"काही लिहिलंय का त्यावर?"
"लिहिलंय की, भरपूर लिहिलंय."
"शेवटची ओळ वाचा ना."
"तीन आडव्या रेघा, मग कंस, मग ई एन डी... एंड. संपलं का हो साहेब?"

काकांचं निदान बरोबर असतं, ते कर्नल पॅनिकच असतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभाच (कर्नल) हात टेकतो. आमच्या सर्व्हरवर जी ऑपरेटिंग सिस्टीम आहे त्या लिनक्सचं मूळ सेटिंग असं की पॅनिक झालं की जागच्या जागी थिजून उभं राहायचं, कोणीतरी येईपर्यंत, म्हणजे आमच्याकडे सोमवारपर्यंत. कर्नल डॉट पॅनिक नावाचं एक सेटिंग असतं, ते मुळात शून्य, म्हणजे अनंतकाळ थांब. तिथे १० लिहिलं की १० सेकंदांनी गडी स्वतःच रीबूट होतो. आणि रीबूट होण्याइतकीही शुद्ध राहिली नसेल तर हार्डवेअर वॉचडॉग असतो, ठराविक वेळात मशीनकडून 'जिवंत आहे' असं कळलं नाही की तो सरळ रीसेट मारतो, कारण विचारत नाही, मला हा स्वभाव फार आवडतो.

पण नुसतं रीबूट रीबूट करत बसणं हाही उपाय नाही हं. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या खराब अपडेटने जगभरातली साधारण ८५ लाख विंडोज मशीन पाडली, त्यातली कितीतरी उठायची पडायची उठायची पडायची, आणि शेवटी माणसांनी मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये हाताने ती फाईल उडवली. म्हणून दोनतीनदा आपटलं की मशीनने निमूट मागच्या चांगल्या कर्नलवर जावं, नेटवर्क आणि एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायची वाट) चालू करावं आणि मग हवं तेवढं रडत बसावं, आम्ही घरून ऐकतो.

नासाचा स्पिरिट रोव्हर २००४ च्या जानेवारीत मंगळावर असाच रीबूटच्या फेऱ्यात अडकला होता, फ्लॅश मेमरीच्या फाईल सिस्टीमपायी. तिथे कुठला वॉचमन! पण तेवढ्यातही त्याचा रेडिओ आज्ञा ऐकत होता, म्हणून पृथ्वीवरून सांगता आलं की बाबा फ्लॅशला हात न लावता बूट हो, आणि तो झाला. आमच्या सर्व्हरला मात्र बॅकअपची डिस्क सापडली नाही की तो दीड मिनिट तिची वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये बसून रूटचा, म्हणजे मुख्य मालकाच्या खात्याचा, पासवर्ड मागतो, नेटवर्क बंद ठेवून! अरे, ती डिस्क तुला उठायला लागत नाही, एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, तिच्यापुढे नोफेल (नसली तरी चालेल) लिहिलं की झालं. (हे लिहायचं कोणालाच का सुचत नाही कोण जाणे.)

सगळ्यात भारी म्हणजे डिस्क तपासणी. अमुक इनोड (फाईलची नोंद) बिघडलाय, दुरुस्त करू का? तमुक ब्लॉकची गणती चुकलीय, करू का? काका एकेक आकडा वाचणार आणि मी "हो म्हणा" म्हणणार. त्या इनोडचं काय करायचं हे मला तरी काय माहीत! शेवटी कळलं की बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला ज्या सूचना देतात तिथे, एफएससीके (हीच ती डिस्क तपासणी) डॉट रिपेअर बरोबर येस असं लिहिलं की तो स्वतःच सगळ्याला हो म्हणतो. माझंही तज्ज्ञ मत तेवढंच होतं.