आयटीवाल्यांचं काम?

१४ मे २०२१, शुक्रवार. आयर्लंडमधल्या ज्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे सकाळी पोचले तर संगणकांना हात लावायचा नाही अशी ताकीद होती. इथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, म्हणजे एचएसईवर, कोंटी नावाच्या सायबर टोळीने रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणकातली माहिती कुलूपबंद करून खंडणी मागण्याचा, हल्ला केला होता. आमची मशीनं रक्त तपासत होती, पण रिपोर्ट वॉर्डात जायला वाट नव्हती. एका आजोबांच्या रक्तातलं पोटॅशियम ६.८ आलं, म्हणजे जिवाला धोका होईल इतकं जास्त. एरवी असा आकडा लाल होऊन थेट डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसतो. त्या दिवशी मी तो कागदावर लिहिला, नाव आणि जन्मतारीख दोनदा ताडून पाहिली आणि चिठ्ठी घेऊन जिना चढत पळाले. पुढे कित्येक दिवस असंच चाललं. डब्लिनच्या रोटंडा प्रसूती रुग्णालयाने तर ३६ आठवडे न भरलेल्या गरोदर बायकांच्या ओपीडीच्या भेटी रद्द केल्या होत्या.

हे सगळं परवा पुन्हा डोळ्यांपुढे आलं ते भावोजींमुळे. ते सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेचे संचालक आहेत. सायबर सुरक्षेचा विषय निघाला तसे फोनवर म्हणाले, "अगं, ते आयटीवाल्यांचं काम. आम्ही ठेवी आणि वसुली बघायची की सर्व्हर?"

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८च्या ऑगस्टमध्ये ९४ कोटी गेले, बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, हे भावोजींना तोंडपाठ आहे. तरी असं काही घडलं की आपल्याकडे बोलणं एकाच प्रश्नावर येऊन अडतं: लिंक कोणी दाबली?

इथे एचएसईतही एका कर्मचाऱ्यानेच फसव्या ईमेलमधली एक्सेल फाइल उघडली होती, १८ मार्चला. पण डिसेंबरमध्ये आलेला स्वतंत्र अहवाल त्या माणसापाशी थांबला नाही. चोर जवळजवळ दोन महिने आत वावरत होते. ३१ मार्चला अँटिव्हायरसने धोका ओळखलाही. पण त्याला नुसती नजर ठेवायला सांगितलेलं होतं, अडवायला नाही. आणि मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट: इतक्या मोठ्या संस्थेत सायबर सुरक्षेची जबाबदारी वरच्या फळीतल्या कोणा एकाच्या नावावर नव्हतीच. एचएसईने तो अहवाल जाहीर केला, म्हणून माझ्यासारखीलाही तो वाचता आला. रुग्णांची सेवा हे संस्थेचं काम असेल, तर ती सेवा ज्या यंत्रणेवर उभी आहे तिची राखण हेही त्याच कामात आलं. जिन्यावर पळताना मला ते कळलं होतं.

इकडे सगळं शहाणपण आहे असं नाही. तेही ठेच लागल्यावरच आलं. उलट आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८मध्येच नागरी सहकारी बँकांना बजावलं होतं की सायबर सुरक्षेचं धोरण संचालक मंडळाने मंजूर करायचं. हल्ल्याची खबर सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, द्यायची, हा नियम २०२२चा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि कारभार कागदावर आला, तेव्हा तिथल्या लॅबमध्ये कोण चिठ्ठ्या घेऊन पळत असेल, हेच माझ्या मनात येत होतं.

भावोजींना मी एवढंच म्हटलं, की पुढच्या बैठकीत विचारा: बॅकअपवरून अख्खी यंत्रणा पुन्हा उभी करून शेवटचं कधी पाहिलं, आणि किती तास लागले? त्यांनी विचारलं. व्यवस्थापकांनी आयटीच्या मुलाकडे पाहिलं, त्याने कंत्राटदाराला फोन लावला. "उत्तर काही मिळालं नाही," भावोजी सांगत होते, आणि या वेळी त्यांचा आवाज उतरलेला होता. आता हा विषय दर महिन्याच्या अजेंड्यावर घ्या, असं त्यांनी लेखी दिलंय.