खोडरबर आणि मल्टिमीटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बंद पडलेला संगणक घरच्या घरी कसा तपासावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण लिहिता, ‘रॅम खोडरबराने घासायला सांगणे ही नाक्यावरच्या मेकॅनिकची विद्या आहे, आधी मल्टिमीटरने एसएमपीएस तपासायचा असतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने लेख लिहू नयेत.’ (रॅम म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डात बसणारी मेमरीची पट्टी, एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आणि मल्टिमीटर म्हणजे व्होल्टेज मोजायचे उपकरण.) बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची, बॅटरी आणि हार्डडिस्क यांचा उल्लेख लेखात नाही, अशीही आपली तक्रार आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु कोणी काय लिहावे आणि काय लिहू नये, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, एवढे मात्र विचारावेसे वाटते.

एक उणीव मान्य करतो. रॅम काढण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करून मागची पॉवर केबलही काढावी, आणि घासल्यावर रबराचा चुरा मऊ ब्रशने झटकून टाकावा, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते.

आता नाक्यावरच्या मेकॅनिकविषयी. चिपळुणात २००३ पासून मी हेच काम करतो आहे, आणि माझी सुरुवात नाक्यावरच्याच एका छोट्या दुकानात झाली. मदरबोर्डवरचे, म्हणजे मुख्य बोर्डवरचे, कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगून यंत्रे एकामागून एक बंद पडत होती, त्या वर्षांत डोकी फुगलेले कपॅसिटर नुसत्या नजरेने ओळखून ते बदलणारी माणसे याच दुकानांत होती. त्यांची विद्या आपल्याला हलकी वाटत असेल तर तो आपला प्रश्न आहे.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. रॅमच्या पट्टीवरचा सोन्याचा मुलामा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. सोने गंजत नाही, पण मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूचा गंज वर येतो आणि त्यावर धूळ चिकटते. मग पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही, आणि काही बोर्ड लांब बीप देत राहतात. गुहागरच्या एका कुटुंबाला मदरबोर्ड गेल्याचे सांगून नव्याचा खर्च काढून दिला होता. ते यंत्र माझ्याकडे आले, तेव्हा पट्ट्या हलक्या हाताने पुसून, स्लॉट साफ करून त्या पुन्हा बसवल्यावर ते सुरू झाले. मुलामा पातळ असल्यामुळे जोर लावून आणि वारंवार घासू नये, हे लेखात होते. आपण तेथपर्यंत वाचले नसावे.

आणि ज्या मल्टिमीटरचा आपण एवढा आग्रह धरता, तो दिशाभूलही करतो. 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेशी जोडून एसएमपीएस बाहेरच चालू केला, तर पिवळ्या तारेवर १२.१ व्होल्ट दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. तोच एसएमपीएस बोर्ड आणि प्रोसेसरचा भार पडताच ११.४ व्होल्टच्या, म्हणजे मान्य मर्यादेच्या, खाली घसरू शकतो. भाराशिवाय घेतलेले माप त्याला निर्दोष ठरवत नाही. दुसरा खात्रीचा एसएमपीएस लावून पाहणे हीच मी विश्वासार्ह तपासणी मानतो. ज्याच्या घरी मल्टिमीटर नाही आणि ज्याने कॅबिनेट आयुष्यात प्रथमच उघडले आहे, त्याच्या हाती मी आधी खोडरबर देणार, चालू यंत्रात खुपसायच्या तारा नव्हे. घरच्या वाचकाने पहिल्यांदा तेच करावे, ज्याला खर्च नाही आणि ज्यात शॉक बसण्याची भीती नाही, असे मला अगदी मनापासून वाटते.

बॅटरी आणि हार्डडिस्कचे मुद्दे येथे वाढवत नाही. तीन व्होल्टची ती बॅटरी उतरली की बहुधा घड्याळ आणि सेटिंग चुकतात, एवढेच. हार्डडिस्कचा विषय स्वतंत्र आहे.

प्लग काढण्याची आणि चुरा झटकण्याची सूचना मी आजच लेखात घातली आहे. खोडरबराचे वाक्य तसेच राहील.