‘ऐक’ म्हणजे ‘मुकाट ऐक’ का? एका कमेंटला लांबलचक उत्तर

नमस्कार ‘आडवा प्रश्न’,

तुमची कमेंट शनिवारी रात्री वाचली आणि लगेच रिप्लाय टाईप करायला घेतला, पण तो फारच तापलेला झाला म्हणून डिलीट केला. आता शांतपणे लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिब्रू शास्त्रातल्या, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या, नीतिसूत्रे या पुस्तकातलं पहिल्या अध्यायातलं आठवं वचन, "माझ्या मुला, बापाचा बोध ऐक, आईची शिकवण टाकू नको", यावर मी लिहिलं होतं, आणि कान देऊन ऐकणं ही त्या पुस्तकात केवढी मोठी गोष्ट आहे यावर. ‘आडवा प्रश्न’ यांचं म्हणणं असं की हे सगळं गोड गोड आहे पण शेवटी "मोठ्यांचं मुकाट ऐका" हेच जुनं तुणतुणं, त्याच पुस्तकात पोराला छडीने मारा असं लिहिलंय ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत, आईबापच चुकीचे असले तर काय, आणि हे सगळं तुम्ही स्वतःच्या मुलीला वाचून दाखवाल का?

छडीपासून सुरू करते. हो, गाळली. मुद्दाम गाळली. आमच्या घरी नगरला रात्री जेवणाआधी प्रार्थना व्हायची आणि नीतिसूत्रांचे अध्याय बरोबर ३१, म्हणून पप्पांनी तारखेप्रमाणे वाचायची पद्धत ठेवली होती, आज सात तारीख तर सातवा, वीस तर विसावा, बऱ्याच ख्रिस्ती घरांत असं वाचतात. तर १३ तारखेला "जो छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो" हे यायचं, २३ला "छडीने मारलंस तर तो मरणार नाही" आणि २९ला परत छडी. आमची वेताची छडी दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली असायची, एका टोकाला सायकलच्या ट्यूबचा काळा तुकडा गुंडाळलेला, हातातून सटकू नये म्हणून. दर वेळी पडायचीच असं नाही, पण ते वचन वाचताना पप्पांची नजर एकदा दाराकडे जाऊन यायची आणि माझ्या भावाचं १३ तारखेला हमखास पोट दुखायचं.

याच्यावर एक ठरलेलं उत्तर असतं, मी ते कितीतरी वेळा ऐकलंय, की मूळ हिब्रूत ‘शेवेट’ हा शब्द आहे, तोच २३व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी येतो, म्हणजे काठी मारायला नाही, वाट दाखवायला. मला ही पळवाट नको. शब्द तोच आहे हे खरं, पण "मारलंस तर मरणार नाही" हे वाट दाखवण्याबद्दल कोण बोलेल? ते मारण्याबद्दलच आहे. त्या काळी प्राचीन जगात पोरं अशीच वाढवत, ते पुस्तकात उतरलंय, आणि मी ते मानत नाही. एवढं मला मूळ पोस्टमध्येच लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ही चूक माझी.

पण बाकीच्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही, कारण तुम्ही ‘ऐक’ हा शब्द अर्धाच वाचलाय असं मला वाटतं. दोष तुमचा नाही, मराठीचाच आहे, म्हणजे खरं तर मराठीची गंमत आहे. आपण म्हणतो "पोरगा ऐकत नाही". आता त्याच्या कानात काही दोष आहे का? नाही, तो सांगितलेलं करत नाही. आणि "गाणं ऐक" म्हटलं की त्यात कुठे आज्ञा पाळायची असते? एकच क्रियापद दोन्ही कामं करतं, फक्त एक ‘चं’ मधे येतो: आईला ऐक, आईचं ऐक. हिब्रूत शब्द आहे ‘शमा’, त्यालाही अगदी हीच सवय. सांगितलेलं करणे असा अर्थ हवा असेल तर बऱ्याचदा ‘च्या आवाजाला ऐकणे’ अशी रचना येते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात हट्टी, बंडखोर मुलाबद्दल तक्रार आहे तिथे तशीच आहे, बापाच्या आवाजाला आणि आईच्या आवाजाला ऐकत नाही. पण "शमा बेनी मूसार आवीखा" यात ऐकायची गोष्ट आहे मूसार, म्हणजे बोध, कान उघडणी. तो बोध कानावर पडू दे, एवढंच आधी सांगितलंय. हे गणितासारखं काटेकोर नाही बरं का, पाचव्या अध्यायात पस्तावलेला माणूस "मी गुरूंच्या आवाजाला ऐकलं नाही" म्हणून कण्हतो तिथे याच पुस्तकात दुसरी रचना आहे. (हिब्रू मी चाळिशीत ऑनलाईन क्लासला शिकले, अजूनही शब्दकोश शेजारी उघडा ठेवूनच वाचते, तेव्हा कोणी जाणकार असेल तर बिनधास्त दुरुस्त करा.)

बोधाच्या जोडीला तिथे कान येतो. "कान कलता कर" असं परत परत येतं, चौथ्या अध्यायात, पाचव्यात, बाविसाव्यात. आपण ‘कान देऊन’ म्हणतो ना, तसंच. आणि अजून एक क्रियापद आहे, ‘हिकशीव’, नीट लक्ष लावून ऐकणं. आजच्या इस्रायलमध्ये सैन्यात ‘सावधान’साठी याच धातूचा शब्द ओरडतात आणि ज्याला आपण एडीएचडी म्हणतो त्याचं हिब्रू नावही यातूनच आलंय, ‘हफराअत केशेव’. म्हणजे तीन हजार वर्षं झाली नसतील कदाचित, पण दोन-अडीच हजार तरी झालीच, पोराचं लक्ष नाही ही तक्रार तीच आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. तुम्ही म्हणता हा हुकूम आहे. एकदा पहिले नऊ अध्याय सलग वाचा, तारखेप्रमाणे नको, एका बैठकीत. बाप बोलतोय, बोलतोय, बोलतोय. "माझ्या मुला", परत "माझ्या मुला", परत. ज्याचा हुकूम चालतो तो माणूस इतक्या वेळा हाक मारतो का? आठव्या वचनात ऐक म्हणाला आणि दहाव्यातच का घाबरला ते बघा, कारण बाहेर दुसरे बोलावणारे उभे आहेत. "आमच्याबरोबर चल, दबा धरू, घरं लुटीने भरू, तुझा वाटा आमच्यात टाक, आपल्या सगळ्यांची एकच थैली असेल." नाक्यावरची पोरं बोलतात तसं हुबेहूब. आणि त्यांच्या बोलण्यात दम आहे हे बापाला कळतंय, म्हणून तर तो त्यांचं बोलणं जसंच्या तसं मुलाला ऐकवतो, लपवत नाही. सातव्या अध्यायात तर तो खिडकीच्या जाळीतून रस्त्यावरचं बघतोय, संध्याकाळ, अंधार पडतोय, एक अक्कल नसलेला पोरगा चुकीच्या कोपऱ्याकडे चाललाय. खिडकीतून फक्त बघता येतं. मला यात हुकूमशहा दिसत नाही, रात्री साडेअकराला गॅलरीत उभा राहून पोरगा आला का बघणारा माणूस दिसतो.

शिवाय चौथ्या अध्यायात तो म्हणतो, मीही माझ्या बापाचा मुलगा होतो, आईचा लाडका, एकुलता, आणि त्याने मला शिकवलं, आणि मग पुढचं बोलणं आजोबांचं आहे, अवतरणात. पहिल्या अध्यायात या शिकवणीला गळ्यातली साखळी म्हटलंय, दागिना या अर्थाने. साखळीच ती. पप्पांची छडीही त्यांच्या वडिलांकडूनच आली होती, वस्तू नाही, सवय. तेव्हा साखळीतून काय काय येतं याबद्दल मी भोळी नाही.

"आई नावालाच" असंही तुम्ही ओझरतं म्हणालात. इथे थांबा जरा. वचनात बापाकडे मूसार आहे आणि आईकडे काय आहे? तोरा. तोच शब्द जो पुढे मोशेच्या पाचही पुस्तकांचं नाव झाला. "तोरात इमेखा", तुझ्या आईची तोरा. भाषांतरात शिस्त, शिकवण असे शब्द येतात आणि त्यात हे विरून जातं. आणि ३१वा अध्याय उघडा, लमुएल राजाची वचनं, जी त्याच्या आईने त्याला शिकवली. इथे जे क्रियापद आहे ते मूसारच्या धातूचं, म्हणजे बापाच्या नावावर लावलेलं काम इथे आई करतेय. सुरुवात कशी करते? "काय रे माझ्या मुला? काय रे माझ्या पोटच्या पोरा? काय रे माझ्या नवसाच्या?" तीनदा ‘काय’. हे मराठीत आणायला भाषांतरकाराची गरजच नाही, कुठल्याही आईने स्वयंपाकघरातून म्हणावं तसं आहे, आणि समोर आहे राजा! मग सांगते, बायकांच्या मागे ताकद घालवू नको, दारू राजांचं काम नाही, प्यायलास तर कायदा विसरशील आणि गरिबाचा न्याय फिरवशील, ज्याला तोंड नाही त्याच्यासाठी तोंड उघड. ऐक ऐक म्हणून सुरू झालेलं पुस्तक शेवटी आईच्या तोंडून ‘बोल’ म्हणतं. हे मला फार उशिरा दिसलं, आणि त्याचं कारण अगदी फालतू आहे: ३१ तारीख वर्षातून सातच वेळा येते. बापाचा पहिला अध्याय बारा वेळा वाचला जायचा आणि आईचा सात वेळा, त्यातही पप्पा डिसेंबरच्या ३१ला वॉचनाइटला, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या प्रार्थनेला, चर्चमध्ये असायचे म्हणजे सहाच.

आईच्या शिकवणीवरून राहवत नाही म्हणून सांगते, हे पुस्तक मूळ हिब्रूवरून मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत, केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी सबंध बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलं, १९२२ला त्या वारल्या आणि ते छापून बाहेर आलं १९२४ला. त्यांना लहानपणी संस्कृत कोणी शिकवलं? आईने, लक्ष्मीबाईंनी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता, आणि रमाबाईंच्या वेळेपर्यंत त्यांचं वय झालेलं, मग पोरीला आईनेच शिकवलं. "आईची तोरा टाकू नको" हे वाक्य मराठीत उतरवताना त्यांच्या मनात काय आलं असेल, मला विचार करायला आवडतं.

चुकीच्या आईबापांचं काय? शास्त्र इथे तुम्हाला वाटतं तेवढं साधं नाहीये. शौल राजाचा मुलगा योनाथान बापाचं ऐकत नाही, बापाला ज्याला मारायचंय त्या दाविदाला वाचवतो, बाप त्याच्यावर भाला फेकतो, आणि वाचणाऱ्याची सहानुभूती सरळ मुलाकडे जाते. यहेज्केलच्या विसाव्या अध्यायात तर देवच रानातल्या पोरांना सांगतो की तुमच्या बापांच्या रीतीने चालू नका. आणि नीतिसूत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोनाचा मुलगा रहबाम! लोक येऊन म्हणतात जू हलकं कर, म्हातारे मंत्री म्हणतात लोकांचा सेवक हो, बरोबरीचे मित्र म्हणतात "माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे" असं सांग. त्याने मित्रांचं ऐकलं, राज्याचे दोन तुकडे झाले. तिथे मूळात वाक्य आहे की राजाने लोकांना ऐकलं नाही, तोच ‘शमा’. ऐकणं फक्त लहानांचं काम नव्हतं, वरच्याने खालच्याचं ऐकलं नाही तर काय होतं तेही लिहून ठेवलंय. याच शलमोनाने तरुणपणी देवाकडे मागितलं होतं ‘लेव शोमेआ’, ऐकणारं हृदय.

आता तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देते, बघा मी किती प्रामाणिक आहे. तालमूद म्हणजे रब्बींच्या, यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांचा जुना ग्रंथ, त्यात पेसाखीम नावाच्या भागात गोष्ट आहे. बेत शआनच्या लोकांची रीत होती की शुक्रवारी सोरहून सीदोनच्या बाजाराला जायचं नाही, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, तयारीसाठी. पुढे त्यांची मुलं रब्बी योहानानकडे गेली, म्हणाली आमच्या बापांना परवडत होतं, आम्हाला नाही परवडत. रब्बीने काय सांगावं? तुमच्या बापांनी ते अंगावर घेतलंय, "माझ्या मुला, बापाचा बोध ऐक". विषय संपला. पोटापाण्याचा प्रश्न आणि तोंडावर हेच वचन! इथे मी पोरांच्या बाजूने आहे.

पण त्याच तालमूदमध्ये, सनहेद्रीन भागात, ‘अनुवाद’मधल्या त्या बंडखोर मुलाला दगडमार करायच्या नियमावर रब्बी यहूदा म्हणतो, वचनात आईबाप "आमच्या आवाजाला" ऐकत नाही म्हणतात, आवाज एकवचनी, म्हणजे आईचा आणि बापाचा आवाज एक हवा, मग रूप एक हवं, उंची एक हवी, नाहीतर मुलगा दोषी नाही. अशी जोडी कुठून आणणार? म्हणून तिथेच येतं की असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. (दुसरा एक रब्बी म्हणतो मी त्याच्या थडग्यावर बसून आलोय, तालमूदमध्ये कोणी कोणाला शेवटचा शब्द देत नाही.) इतक्या बारीक कानाने वचन ऐकून पोराचा जीव वाचवला त्यांनी. मी कान देऊन ऐकणं म्हणते ते हे.

राहिला शेवटचा प्रश्न, मुलीला वाचून दाखवेन का. दाखवते, अकरा वर्षांची आहे, छडी आमच्या घरात नाही आणि तारखेप्रमाणेही वाचत नाही. ‘माझ्या मुला’च्या जागी मी ‘पोरी’ म्हणते. तिची पहिली तक्रार होती की यातला मुलगा काहीच कसं बोलत नाही, आणि खरंच, अख्ख्या पुस्तकात तो स्वतःहून एकदाही तोंड उघडत नाही. म्हणून आम्ही वाचताना तो भाग ती करते. परवा ते नाक्यावरचे येऊन "सगळ्यांची एकच थैली" म्हणाले तिथे मी थांबले, काय म्हणशील त्यांना, तर भात कालवता कालवता म्हणाली, "पण मग थैली राहणार कोणाकडे?"