ऑस्कर ‘कोडा’चं नव्हे

ज्या लेखाला हे उत्तर आहे, त्यात कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिनचं ऑस्कर ‘कोडा’ या चित्रपटाच्या खात्यावर जमा झालंय. ते मिळालं १९८७ साली, ‘चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड’साठी, वयाच्या २१व्या वर्षी. ‘कोडा’त अभिनयाचं ऑस्कर तिचा सहकलाकार ट्रॉय कॉट्सरला मिळालं.

आणि ‘नुसत्या चेहऱ्याने बोलते’ हे लेखातलं तिचं कौतुक अर्धवटच. अमेरिकन सांकेतिक भाषेत संवाद हातांत असतो, व्याकरणाचा बराचसा भार चेहऱ्यावर: हो-नाही प्रश्नाला भुवया वर, ‘कोण-कुठे’ला खाली. म्हणून फ्रेम कंबरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत हवी. टाइट क्लोज-अप घेतला की हात बाहेर, वाक्यच गायब! हातात कप दिला तरी खुणांचा उच्चार बिघडतो. संकलकाला ही भाषा येत नसेल तर कट वाक्याच्या मधोमध पडतो, आणि ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.