मामांच्या हातात माईक द्या

साहेब, तुमच्याही फौंड्रीत असा एखादा मामा असेलच. उभी हयात भट्टीवर काढलेला, ज्याला विचारल्याशिवाय वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतायचं कुणाचं धाडस होत नाही, आणि ज्याच्या डोक्यातलं एक अक्षर कुठं कागदावर नाही. मामा रिटायरमेंटला आले की एचआरला घाम फुटतो. त्यात ऑडिट तोंडावर. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 नावाचं एक कलम आहे: कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, ते जपा, आणि ज्याला हवं त्याला मिळेल अशी सोय करा. ऑडिटर नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतो.

घाबरू नका. आमच्याकडे कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला गेल्याच आठवड्यात ‘ज्ञानदान सप्ताह’ पार पडला. त्या सप्ताहाचा माल रिजेक्ट म्हणून लाल रंग लावून अजून यार्डात पडलाय, आणि मी क्वालिटीत असल्यामुळं त्याचे फोन मलाच घ्यावे लागतायत. तेव्हा जाणत्या माणसाकडून ज्ञान कसं काढून घ्यावं, हे सांगायचा थोडाफार अधिकार मला पोचतो.

पहिलं काम म्हणजे माणसाला भट्टीपासून लांब न्या. जितकं लांब तितकं चांगलं. आमच्या मामांना एसी हॉलमध्ये नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून यायला सांगितलं होतं, ते बिचारे घालून आले. त्यांच्या नावाचं प्रेझेंटेशन ट्रेनी इंजिनिअरनं आदल्या रात्री तयार केलं होतं. पहिल्या स्लाइडवर कुठल्यातरी परदेशी कारखान्याचा चकचकीत फोटो, त्यात जमिनीवर वाळूचा कण नाही. मामांनी माईक हातात घेतला, माईक किंचाळला, मामा दचकले. मग म्हणाले, “नमस्कार. भट्टीचं म्हंजे... ते बघून कळतंय.” आणि खाली बसले. टाळ्या. फॉर्मवर ‘प्रशिक्षणाची परिणामकारकता’ या रकान्यात सगळ्यांनी ‘उत्तम’वर टिक केली, कारण त्याशिवाय वडा मिळत नव्हता.

पुण्याहून ट्रेनर बोलवा. तो फुगे फुगवायला लावतो.

शिकवण्याचा कार्यक्रम शिफ्ट सुटल्यावर ठेवा, आणि त्याचा ओटी, म्हणजे जादा कामाचे पैसे, देऊ नका. ज्ञान हे दान असतं.

आता जरा सविस्तर सांगण्यासारखा सल्ला: भट्टीसमोर कॅमेरा बसवा. आमच्याकडे बसवलाय. त्यात साहेबांना असं दिसलं की सेकंड शिफ्टला मामा आणि तीन-चार पोरं घोळका करून उभी असतात, कुणीतरी हातोडी मारतं, मग सगळे खाली वाकून काहीतरी बघत बसतात. पाच-दहा मिनिटं जातात. निघाला मेमो: ‘कामाच्या वेळेत विनाकारण एकत्र जमू नये.’

ते काय बघत होते ते मेमो काढणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. ते पाचर फोडत होते. रस ओतायच्या आधी थोडा काढून छोट्या पाचरीच्या साच्यात ओततात, गार करतात आणि हातोडीनं मोडतात. मोडलेल्या तोंडावर टोकाकडं पांढरं दिसतं, पुढं करडं. पांढरं म्हणजे तिथं कार्बनचा ग्राफाइट झालाच नाही, लोखंडाशी बांधला गेला, ते काचेसारखं कडक असतं. पांढरं किती खोल गेलंय यावरून मामा सांगतात की हा रस पातळ कोपऱ्यात कडक बसणार का नाही, आणि ओतताना ग्राफाइट धरायला लावणाऱ्या फेरोसिलिकॉनचा डोस किती द्यायचा. पोरगं विचारतं, “मामा, एवढं चालंल काय?” मामा तो तुकडा त्याच्याच हातात देतात. “तूच सांग की. काल कसलं होतं?” पोरगं चुकतं. मामा शिवी देतात. परत दाखवतात. साहेब, हाच तुमचा ज्ञानदान सप्ताह होता. रोज रात्री, फुकट, वड्याशिवाय चालू होता. तुम्ही मेमो काढून बंद पाडलात आणि मग त्याच मामांना हॉलमध्ये नेऊन विचारलंत, तुमचं ज्ञान शेअर करा.

बरं, पुढचं ऐका. मामा हॉलमध्ये टाळ्या घेत होते त्याच शिफ्टला साचे बनवणाऱ्या मोल्डिंग लाइनचा हायड्रॉलिक पाइप फुटला. लाइन बंद, भट्टीत रस तयार. तासभर तो तसाच तापवत ठेवला. रस फार तापवून फार वेळ धरला की ग्राफाइट धरायला लागणारी बीजंच त्यात मरतात. घटक मोजायच्या मशीनवर, म्हणजे स्पेक्ट्रोवर, सगळं जागच्या जागी दिसतं, पण ओतल्यावर बसताना तो वेगळाच वागतो. स्पेक्ट्रोनं ओके दिलं. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लिहिलंय, स्पेक्ट्रो ओके असेल तर ओतावे. पोरांनी ओतलं. पाचर कुणी फोडली नाही. कशाला फोडतील? कॅमेरा आहे, मेमो नोटीस बोर्डावर आहे, आणि ज्याला विचारायचं तो माणूस इस्त्रीच्या शर्टात फुगा धरून बसलाय.

दोन दिवसांनी मशीन शॉपचा फोन. टूल खपतायत, टूलच्या इन्सर्टचे, म्हणजे कापणाऱ्या तुकड्यांचे, कोपरे उडतायत, काय पाठवलंय हे, दगड? गिऱ्हाइकानं 8डी रिपोर्ट मागितला, म्हणजे चुकीचं मूळ कारण आणि उपाय लिहून द्या. पाच वेळा ‘का’ विचारून मुळापर्यंत जा म्हणतात, आम्ही दुसऱ्या ‘का’लाच थेट त्या एसी हॉलच्या दारात पोचलो, मग मुकाट्यानं मागं फिरलो. रिपोर्टमध्ये मूळ कारण काय गेलं असेल? ‘ऑपरेटरची जागरूकता कमी.’ आणि उपाय? ‘प्रशिक्षण देण्यात येईल.’ परत हॉल, परत ट्रेनर, परत फुगे. पुढच्या महिन्याची तारीखही ठरली.

असो. राहिलेले सल्ले देतो.

ज्यानं शिकवलं त्याला लगेच बक्षीस द्या. एका पोराला मामांनी लायनिंग, म्हणजे भट्टीच्या आतलं अस्तर, ठोकायला शिकवलं. सिलिकाचं मिश्रण थराथरानं कसं ठोकायचं, नवी लायनिंग पहिल्या हीटला, म्हणजे पहिला रस करताना, घाई न करता कशी तापवायची, सगळं. पोरगं तयार झालं तसं मामांना बोलवून सांगण्यात आलं, “आता पोरं तयार झालीत, सुट्टीदिवशी लायनिंगला तुम्ही यायची गरज नाही.” म्हणजे ओटी गेला. वर एक लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, ‘उत्कृष्ट प्रशिक्षक’. त्यानंतर मामा दुसऱ्या पोराला लायनिंग शिकवायला तयार नाहीत, तर एचआर म्हणतं, जुन्या लोकांची मानसिकताच तशी असते.

ज्यानं चूक दाखवली, त्याच्याच गळ्यात ती घाला.

शिकणारं पोरगं मात्र कंत्राटी पाहिजे. आणि 240 दिवस भरून तो नोकरीवर हक्क सांगायच्या आत त्याला ब्रेक द्यायला विसरू नका. हे मी समजावून सांगायची गरज नाही, एमआयडीसीत सगळ्यांना पाठ आहे. मामांनी आजवर किती पोरं हाताखाली तयार केली आणि त्यातली किती आज आमच्या गेटच्या आत आहेत, एवढं एकदा विचारा त्यांना. मी विचारलं होतं. मामा हसले आणि तंबाखू मळायला लागले.

आणि हो, मालकांचा लाडका मुद्दा राहिलाच. शिकवलं की पोरगं पळतं! दोन हजार जास्त मिळाले की गोकुळ शिरगाव नाहीतर कागलची पंचतारांकित एमआयडीसी. मग शिकवायचं कशाला? अगदी बरोबर. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ही चूक केली होती. पडदे रंगवण्यापासून कॅमेरा चालवण्यापर्यंत सगळं आपल्या पोरांना करू दिलं. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम सगळे महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले आणि 1929 साली बाहेर पडून इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली. केवढं हे नुकसान! खरी कॉर्नरला तो कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो बहुतेक त्या नुकसानीच्याच आठवणीसाठी असावा. शिकवायचं नाही हे धोरण पाळलेल्या एखाद्या कारखानदाराचा स्तंभ कुठं असेल तर मला दाखवा, मी हार घेऊन येतो.

तालमीतल्या वस्तादानं राखून ठेवलेल्या डावाची गोष्ट मी सांगत नाही. ती तुमच्याच भाषणात दर वर्षी असते. ती सांगताना तुम्ही मामांकडं बघून हसता, हेही आम्ही बघतो.

काय राखून ठेवलंय ओ त्या माणसानं? तुकडा हातात देऊन पोराला विचारत होता, तूच सांग म्हणून. तुम्ही मेमो काढला. ओटी तुम्ही कापला. पोरं तुम्ही घालवली. आणि वर कुणाला काय येतं ते दाखवणाऱ्या स्किल मॅट्रिक्सच्या तक्त्यावर त्याच्या नावासमोर पूर्ण काळा गोल रंगवून ऑडिटरला दाखवता, की हा बघा, आमच्याकडं शिकवू शकणारा माणूस आहे. शिकवू दिलंत कधी त्याला? सकाळच्या मीटिंगला टनाचा आकडा सोडून एकदा तरी विचारलंत, काल कोण काय शिकलं? ज्ञान शेअर करत नाहीत म्हणून जुन्या माणसांच्या नावानं खडे फोडायला लाज कशी वाटत नाही?

मामांना आता वर्षही उरलेलं नाही. पुढच्या महिन्याचे ते फुगे रद्द करा. तो मेमो बोर्डावरून काढा, आज काढा. सेकंड शिफ्टला प्रत्येक हीटमागं दहा मिनिटं आमच्या हिशोबात धरा, उत्पादनाच्या आकड्यातून उघडपणे वजा करून धरा, मग बोंबलू नका. दोन पोरं कायम करा, कुठली ते मामांना विचारून. आणि लायनिंगला मामांना बोलवा, सुट्टीदिवशीच बोलवा, ओटी देऊन, त्या पोराबरोबर.